दारात अडलेली बाई

१

साताऱ्यात शाहूपुरीच्या त्या दुमजली घरात संध्याकाळचा एक कायदा होता आणि तो माईचा होता. दिवेलागणीला पुढचं दार सताड उघडं पाहिजे, देवापाशी दिवा लागला पाहिजे आणि घरातली एकही स्क्रीन चालू असता कामा नये. मग ती टीव्हीची असो, मोबाइलची असो की राजसच्या कॉम्प्युटरची. लक्ष्मी यायच्या वेळेला माणसांनी दाराकडे तोंड करून बसावं, काचेकडे नव्हे, असं तिचं म्हणणं.

राजस एकोणतीस वर्षांचा. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा आणि उरलेला सगळा जीव एका कॉम्प्युटर गेममध्ये ओतायचा. माई म्हणजे त्याची आत्या, बाबांची थोरली बहीण. राजस तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून दहावीला रात्रंदिवस मागे लागण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. बाबा तिला माई म्हणत, दूधवाला माई म्हणे, गॅसवालासुद्धा खालून "माई, सिलिंडर!" अशीच आरोळी ठोके.

त्या शनिवारी दुपारी चारला माईने खोबऱ्याच्या वड्यांचा स्टीलचा डबा त्याच्या हातात दिला. "खाली चंद्राबाईंकडे देऊन ये. आणि डबा परत मागत बसू नकोस."

"आपले अर्धे डबे खालीच असतात, माई."

"असू देत. रिकामा कसा देतील बिचाऱ्या? काहीतरी करतील, मग देतील." पदर कमरेला खोचत ती स्वयंपाकघराकडे वळली. "आणि तुझी माणसं जेवली का रे?"

तुझी माणसं म्हणजे गेममधली. रोज एकदा ती हे विचारायचीच. राजस हसला, डबा खाली देऊन आला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला.

२

त्या गेममध्ये डोंगर होते, गढ्या होत्या, ड्रॅगन होते. पण गेल्या दोन पावसाळ्यांत राजसने त्यात स्वतःचं घर बांधलं होतं. अशा पदरच्या भरीला मॉड म्हणतात. मूळ गेममध्ये आपली वस्तू घालायची, आणि मग ती नीट चालेना म्हणून महिनोन्‌महिने डोकं फोडायचं, हा त्यातला आनंद. राजसने शाहूपुरीचं घर जसंच्या तसं उतरवलं होतं. जिना, झोपाळा, स्वयंपाकघराची चौकट, चौकटीवरच्या त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघासुद्धा. माणसं मात्र घातली नव्हती. माणसं घालणं किचकट काम असतं.

आदल्या रात्री गेमचं नवं अपडेट आलं होतं आणि निम्मे मॉड एकमेकांच्या पायात आले होते. ते निस्तरता निस्तरता साडेसहा वाजले. शेवटी गेम सुरू झाला. राजस गेममधल्या घरात शिरला, स्वयंपाकघराकडे गेला, आणि त्याला आत जाता येईना. दारात एक बाई उभी होती. पाठमोरी, अगदी चौकटीच्या मधोमध.

त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे सांगायला हवं. या गेममधल्या माणसांना दारात अडायची खोडच आहे. बाजारातली एखादी बाई भरकटून इथे आली असणार. तिच्या अंगावर साडी होती, पदर डाव्या कमरेला खोचलेला. सांगलीच्या स्वानंदीने नवीन काहीतरी केलेलं दिसतंय, असं त्याला वाटलं. स्वानंदी म्हणजे त्याची या नादातली मैत्रीण. तिने सगळा गेम मराठीत आणला होता आणि गंमत म्हणून बाजारातल्या बायकांना रंगुबाई, बनुबाई अशी नावं देऊन टाकली होती.

उपायही ठरलेला. एक बटण दाबलं की गेम जागच्या जागी थांबतो आणि खाली काळी पट्टी उघडते, तिला कन्सोल म्हणतात. माणसावर क्लिक केलं की त्याचं नाव वर उमटतं. मग 'डिसेबल' असा हुकूम द्यायचा, माणूस नाहीसा. लगेच 'एनेबल' म्हणायचं, माणूस पुन्हा नीट जागेवर हजर. पथ्य एकच. दोन्ही हुकूम होईपर्यंत पट्टी बंद करायची नाही. केली तर निवड सुटते, आणि जो दिसतच नाही त्याच्यावर पुन्हा क्लिक कुठे करणार? मग त्याला नावानेच परत बोलवावं लागतं.

"राजस, दिवे लागायची वेळ झाली," स्वयंपाकघरातून माईची हाक आली. "बंद कर ते, आणि दार उघड जाऊन."

"आलो गं, एकच मिनिट."

त्याने बाईवर क्लिक केलं. वर नाव उमटलं, अनसूया. रस्त्यावरून जाताना आपण दुकानांच्या पाट्या वाचतो तसं त्याने ते वाचलं आणि सोडून दिलं. 'डिसेबल' टाइप केलं.

"राजस! ऐकतोस ना, किती..."

त्याने एंटर दाबलं. दारातली बाई नाहीशी झाली.

माई तिसरी हाक मारत नसे. दोन हाकांनंतर ती स्वतः येऊन मागे उभी राहायची, काही न बोलता, आणि ते तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तेव्हा राजसने पट्टी बंद केली, गेम सेव्ह केला, कॉम्प्युटर बंद केला आणि शहाण्या मुलासारखा उठला. 'एनेबल' राहिलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

बाहेर पुढचं दार बंद होतं. देवापाशी दिवा नव्हता.

३

"माई?"

स्वयंपाकघरात संध्याकाळचा तो निळसर उजेड भरला होता, ज्यात भांडी जरा दूर गेल्यासारखी वाटतात. ओट्यावर एक शेगडी, एक पातेलं, चहाचे दोन कप. बाकी काही नाही. मसाल्याचा डबा नव्हता. खिडकीतलं ओव्याचं रोप नव्हतं. दुपारपासून इथे खोबऱ्याच्या वड्यांचा वास घरभर होता, तोही नव्हता. नळाचा एक थेंब बेसिनमध्ये पडला, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

बाबा फिरून आले. अनंतराव, रिटायर झालेले, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी मेसचा डबा काढला.

"बाबा, माई कुठे गेली?"

"कोण माई?"

बाबांना थट्टा जमत नसे. कधीच जमली नव्हती.

"माई, बाबा. तुमची बहीण!"

"मला कुठली बहीण? अरे, बरं आहे ना तुला?" त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. "दिवसभर त्या डबड्यापुढे बसतोस. जेव आणि झोप. आज मेसवाल्याने वांगं दिलंय, म्हणजे झालंच."

माईच्या खोलीत जुना कूलर होता, वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते आणि त्यांच्यावर वर्षांची धूळ होती. राजसने धुळीत बोट ओढलं. रेघ उठली. त्याच्या मुंजीच्या फोटोत मातृभोजनाच्या पाटावर त्याच्याशेजारी कुणीच नव्हतं. आठ वर्षांचा राजस मोकळ्या जागेकडे तोंड करून, घास घ्यायला आ करून बसला होता.

ताप असेल, त्याने स्वतःला समजावलं. माणसाला झोप कमी झाली की काहीही वाटतं. आपण एकटे वाढलो, आणि एकट्या मुलाने मनात एक बाई उभी केली असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. पण दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा त्याने मोजल्या तर त्या तशाच होत्या, दर वाढदिवसाची एक. बाबांनी त्या मारलेल्या नव्हत्या, एवढं तो कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगू शकला असता.

४

रविवारी सकाळी त्याने स्वानंदीला सांगलीला फोन लावला. माईचं काही बोलला नाही. फक्त दारात अडलेल्या बाईचं सांगितलं.

"डिसेबल करून कन्सोल बंद केलास?" स्वानंदी हसली. "आणि लोकांना सल्ले देत फिरतोस! आता नाव लागणार. काय होतं नाव?"

"लक्षात नाही. तुझ्यातलीच कुणीतरी असेल."

"माझ्या अकराच बायका आहेत. घे लिहून. रंगुबाई, बनुबाई, संयोगिता..."

त्याने अकरा नावं लिहून घेतली आणि फोन चालू ठेवून एकेक टाइप केलं. रंगुबाई एनेबल. बाजारातली रंगुबाई होती तिथेच होती. बनुबाईही होती. अकराच्या अकरा बायका आपापल्या जागी सुखरूप उभ्या होत्या. स्वयंपाकघराचं दार मोकळंच राहिलं.

"मग ती माझी नव्हे," स्वानंदी म्हणाली. "साडी म्हणतोस? मी कुणाला साडी नेसवलेलीच नाही रे."

राजसने अकरा नावांचा कागद बाजूला सारला.

"स्वानंदी, दिवाळीत तू फोन केलास तेव्हा माझ्याआधी कुणी उचलला होता? अर्धा तास तुला चिरोट्यांची कृती कुणी सांगितली?"

"तुझ्या घरी तू आणि बाबाच ना?"

त्याने फोन ठेवला. दारात उभी होती ती कोण, हे त्याला आता कळलं होतं. पदर कमरेला खोचायची ती पद्धत त्याने जन्मभर पाठीमागून पाहिली होती. पडद्यावर तिचं नाव आलं होतं, चांगलं ठळक, आणि त्याने ते ओळखलं नव्हतं, कारण ते त्याला माहीतच नव्हतं. सव्वीस वर्षं तिच्या हातचं खाऊन त्याला तिचं नाव माहीत नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

एकदा विचारलं होतं त्याने, शाळेत असताना. माई तेव्हा तांदूळ निवडत होती. "मला दोन नावं," ती म्हणाली होती. "एक आईवडिलांनी वाईला ठेवलेलं. दुसरं लग्नात ताम्हणातल्या तांदळात लिहिलं, कोरेगावचं. ते गेले आणि मी इकडे आले, तेव्हा तेही तिकडेच राहिलं. तुला काय करायचंय? तू आपलं माई म्हण." मग तिने ताटातल्या तांदळावरून हात फिरवून ते सारखे केले होते. रेशनकार्ड, आधार, बँक सगळं बाबा बघायचे. आणि बाबांना तर बहीणच नव्हती.

५

राजसने कामावर आठवड्याची सुट्टी टाकली आणि नावं टाइप करायला बसला. सुमती, कुसुम, मालती, इंदुमती. इंटरनेटवर मुलींच्या नावांच्या याद्या मिळाल्या, पण त्या आजकालच्या बारशांच्या. माईच्या वयाची नावं आता कुणी मुलींना ठेवत नाही, त्यामुळे ती यादीत नसतात. तो बाबांना जुनी नावं विचारू लागला. बाबा आठवतील तेवढी सांगत आणि चिंतेने त्याच्याकडे बघत.

आणि रोज सकाळी काहीतरी कमी व्हायचं. सोमवारी तिच्या हातावर गोंदलेलं काय होतं ते आठवेना. मंगळवारी तिचा आवाज जाड होता की बारीक, ते. बुधवारी त्याने घाईघाईने पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'माईचं नाव शोध', आणि ती चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला डकवली.

गुरुवारी दुपारी त्याला दुसरा एक हुकूम आठवला. तो दिला की भिंती अडवत नाहीत, जमीन धरून ठेवत नाही. मॉड करणारे चुका शोधायला तो वापरतात. राजस गेममधल्या घराच्या फरशीतून खाली उतरला.

खालून घर पोकळ दिसत होतं. वर झोपाळ्याची तळबाजू, जिन्याच्या पायऱ्यांची उलटी दातेरी ओळ, आणि त्याखाली नुसतं धुकं, कोयनेकडच्या पहाटेला असतं तसं. तो खाली खाली जात राहिला. बाहेर खऱ्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, तेवढाच काय तो जगाचा आवाज. मग धुक्यात एक खोली दिसू लागली. ती त्याने बांधली नव्हती. तिला दार नव्हतं, खिडकी नव्हती.

भिंतीतून त्याने आत पाहिलं. आत त्यानेच इतक्या वर्षांत काढून टाकलेल्या गोष्टी होत्या. वाट अडवणारा कुत्रा, तीन व्यापारी, एक मोडकी खुर्ची. सगळे भिंतीकडे तोंड करून गप्प उभे. आणि अगदी पलीकडच्या कोपऱ्यात, पाठमोरी, पदर खोचलेली एक बाई. तिचा एक तळवा पुढे वाकवलेला होता, वाऱ्यापासून ज्योत राखावी तसा. त्या तळव्यावर पिवळा उजेड हलत होता.

"माई," राजस म्हणाला. मोठ्याने, काचेला.

तो तिच्याकडे सरकू लागला. पाच पावलं, चार. चित्र अडखळायला लागलं. तिचं डोकं किंचित वळलं, कानाची पाळी आणि त्यातली कुडी दिसेल इतकंच. आणि स्पीकरमधून, फार लांबून, त्या शनिवारचं अर्धं राहिलेलं वाक्य आलं.

"...वेळ हाका मारू रे?"

पडदा काळा झाला. गेम बंद पडला होता. राजस पुन्हा पुन्हा सुरू करून फरशीतून खाली गेला. खाली धुकं होतं, खोली नव्हती. संध्याकाळ होईपर्यंत तो जात राहिला, आणि मग ओक्साबोक्शी रडला. रडताना एकदा मधेच थांबला, कारण आपण नेमके कुणासाठी रडतोय हे क्षणभर त्याला आठवेना.

६

तीन आठवडे झाले. सुट्टी संपली, काम सुरू झालं. राजसची तब्येत सुधारली, भूक लागू लागली, बाबांचा जीव भांड्यात पडला. मेसवाला अजून वांगंच देत होता.

त्या दिवशी काम लवकर आटपलं म्हणून राजसने टेबल आवरलं. मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी निघाली, त्याच्याच अक्षरात. 'माईचं नाव शोध'. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. कुठल्यातरी मॉडचं काम राहिलेलं असणार. अशा शंभर चिठ्ठ्या असतात. चुरगाळून त्याने ती टोपलीत टाकली आणि गेम लावला. घर छान चालत होतं आता. जिना, झोपाळा, स्वयंपाकघर. कुठे काही अडत नव्हतं.

साडेसहाला तो उठला आणि जाऊन पुढचं दार उघडलं. का उघडलं ते त्याला सांगता आलं नसतं. हल्ली या वेळेला त्याचे पाय दाराकडे वळत, एवढंच. दार उघडून तो उंबऱ्याशी उभा राहिला. समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन जाता जाता थोडं उरलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. खालच्या चंद्राबाई, पाटणकडच्या, गुडघ्यावर हात देत चढत होत्या. त्यांचा मुलगा गुंडा सैन्यात होता आणि परवाच सुट्टीवर आला होता.

"आवं राजसदादा, ह्यो डबा घ्या बगा," दम खात त्या म्हणाल्या. "लय दिस माझ्याकडंच हुता. रिकामा कसा द्यायचा, म्हनून ऱ्हायला. आता गुंडा आलाय तर बेसनाचं लाडू केलं, त्यातलं आनल्यात."

राजसने डबा घेतला. स्टीलचा, जुना, झाकण घट्ट बसणारा. हातात घेतल्यावर त्याचं वजन त्याला ओळखीचं वाटलं.

"हा आमचा नाही वाटत, काकू. आमच्याकडे मेसचा डबा येतो."

"आसं कसं? माझा तर न्हाई. कुनी दिलावता त्ये काय मला ध्यानात येईना बगा. पर वरनंच आलाय, येवढं खरं. खोबऱ्याच्या वड्या हुत्या."

त्याने डबा वर उचलून बुडाकडे पाहिलं. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यांवर कोरायचे तसं बारीक ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. दिव्याचं बटण दाबून त्याने ते मोठ्याने वाचलं.

"चि. सौ. कां. अनसूया हिस, वाई."

आत खोलीत त्याने नकळत काहीतरी दाबून ठेवलं असावं, कारण कॉम्प्युटरवर कन्सोलची काळी पट्टी उघडी होती. गेम जागच्या जागी थांबला होता. पट्टीत कर्सर लुकलुकत होता. राजसला तो उंबऱ्यातूनही दिसत होता.

"अनसूया," चंद्राबाई म्हणाल्या. "कोन वो?"

राजस विचारात पडला. त्याने खरोखर मनापासून आठवून पाहिलं. नाव चांगलं होतं, जुन्या वळणाचं.

"नाही काकू. आमच्यात अनसूया कुणी नाही."

"मग कुनाचा म्हनायचा?"

"खालच्या आळीत विचारा. एखादीचा आला असेल चुकून." त्याने डबा त्यांच्या हातात परत दिला. "लाडू राहू देत त्यातच. ज्यांचा असेल त्यांना रिकामा कसा देणार?"

चंद्राबाई डबा पदराखाली धरून वळल्या. चार पायऱ्या उतरल्या असतील, तोच राजस म्हणाला, "थांबा."

त्या थांबल्या. वर बघत राहिल्या. "काय वो?"

तो उंबऱ्यात उभा होता, दाराच्या मधोमध, आणि त्याला काय विचारायचं होतं ते त्याला आठवत नव्हतं.

"काही नाही. जिन्यात अंधार झालाय, सांभाळून जा."

पावलं खाली गेली. राजसने दार लावून घेतलं, आत आला आणि कन्सोलची पट्टी बंद केली.